टाकी नसलेला गिझर घेण्याआधी: सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी

दुकानात टाकी नसलेल्या गिझरची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली असतात. गॅसच्या गिझरवर ‘६ लिटर’ लिहिलेलं असतं, विजेच्या इन्स्टंट गिझरवर ‘३ लिटर’. बघणाऱ्याला वाटतं, एक मोठा आणि एक लहान, एवढाच फरक. तसं नाही. गॅसच्या खोक्यावरचे ६ लिटर म्हणजे दर मिनिटाला निघणारं गरम पाणी, तेही आलेल्या पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवून. विजेच्या खोक्यावरचे ३ लिटर म्हणजे त्याच्या पोटात मावणारं पाणी. मिनिटाला किती निघेल ते त्या आकड्यावरून कळत नाही, ते किलोवॅटवरून कळतं. घरी आणल्यावर होणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी इथूनच सुरू होतात. म्हणून दुकानात जाण्याआधी घरातच थोडी मोजणी करून घ्या. बादली, घड्याळ आणि एक थर्मामीटर एवढ्यावर काम भागतं.

आधी घरात मोजा

पहिलं, थंड पाणी किती थंड आहे ते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाच्या सुमारास न्हाणीतल्या नळाचं पाणी भांड्यात घ्या आणि थर्मामीटर बुडवा. ताप बघायचा थर्मामीटर चालणार नाही, तो इतकं खालचं तापमान दाखवतच नाही. स्वयंपाकाचा साधा डिजिटल घ्या. गच्चीवरची काळी टाकी रात्रभर थंड होते, त्यामुळे दुपारी घेतलेलं माप कामाचं नाही. बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या हिवाळ्यातही कोमट लागतं, पण तेच टाकीत रात्र काढल्यावर इतर पाण्यासारखंच गार होतं. उन्हाळ्यात गिझर घेणार असाल तर हिशेबासाठी १८ अंश धरा. महाबळेश्वर-पाचगणीकडे त्याहून दोन-चार अंश कमी धरलेले बरे.

अंघोळीचं पाणी साधारण ४२ अंशांचं लागतं. म्हणजे वाढ २४ अंशांची. आता हे एक सूत्र लिहून ठेवा:

मिनिटाला लिटर × वाढवायचे अंश × ०.०७ = लागणारे किलोवॅट

शॉवरखाली नीट अंघोळ करायला मिनिटाला निदान ६ लिटर पाणी हवं. ६ × २४ × ०.०७ म्हणजे जवळपास १० किलोवॅट. घरगुती विजेचा इन्स्टंट गिझर ३ किंवा फार तर ४.५ किलोवॅटचा असतो. इथेच शॉवरचा प्रश्न निकालात निघतो. विजेच्या इन्स्टंटवर शॉवरची अंघोळ हिवाळ्यात होत नाही, विक्रेता काहीही सांगो.

बादलीचा हिशेबही करून बघा. २० लिटरची बादली, २४ अंशांची वाढ:

३ किलोवॅटला ११ मिनिटं, ४.५ किलोवॅटला साडेसात मिनिटं, ६ लिटरच्या गॅस गिझरला सव्वातीन मिनिटं.

३ लिटरच्या गिझरमध्ये आधीच तापलेलं तीन लिटर पाणी असतं, त्यात गार पाणी मिसळून पहिले पाच लिटर पटकन मिळतात आणि बरं वाटतं. त्यानंतर मात्र मिनिटाला पावणेदोन-दोन लिटरचीच धार. चार माणसं सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान आवरणारी असतील तर हे ११ मिनिटांचं गणित डोळ्यांसमोर ठेवा.

दुसरं माप पाण्याच्या दाबाचं. १० लिटरची खूण असलेली बादली घ्या, ज्या पॉइंटवर गिझर बसणार तिथला कॉक पूर्ण उघडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. सव्वा-दीड मिनिटात भरली तर ठीक. दोन मिनिटांच्या पुढे गेली तर गॅस गिझर पूर्ण पाणी देणार नाही. चार मिनिटं लागली तर तो पेटेलच याची खात्री नाही. गॅस गिझरमध्ये पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा ढकलला जातो, त्याने बारीक स्विच दाबला जातो, सेलवरची ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली गेलं की पडदा हलत नाही. शिवाय गिझरच्या आतल्या बारीक नळीतून जाताना पाणी आणखी मंदावतं, म्हणून मोकळ्या नळाचं माप भरपूर असायला हवं.

टाकीच्या तळापासून गिझरपर्यंत जितकी उंची, तितका दाब. १० फूट उंचीला ०.३ बार. तळमजल्यावरच्या न्हाणीला त्रास सहसा होत नाही. अडचण होते ती वरच्या मजल्यावर, जिथे टाकी स्लॅबवर सरळ ठेवलेली असते आणि गिझर तिच्या खाली जेमतेम पाच-सहा फुटांवर असतो. अशा घरात आधी टाकी चार-पाच फुटांच्या स्टँडवर चढवा, टाकीपासून येणारी लाइन पाऊण इंची करा आणि मधले जुने, अर्धे गंजलेले कॉक बदलून बॉल व्हॉल्व्ह घाला. प्रेशर पंप हा शेवटचा उपाय, कारण वीज गेली की पंप बंद आणि गॅसचा गिझरही त्याच्यासोबत बंद.

पाणी जड की हलकं

सातारा शहराला कास आणि शहापूर योजनेचं पाणी येतं. वाई, जावळी, पाटणकडेही पाणी मऊ असतं. माण, खटाव, फलटण, तसंच सांगलीकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इथल्या बोअरचं पाणी बहुधा जड. सांगली-मिरजेत नळाचं पाणी कृष्णेचं, पण उपनगरांत बरीच घरं बोअरही वापरतात आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत सोडतात. त्यामुळे ‘आमच्याकडे नदीचं पाणी आहे’ एवढ्यावर थांबू नका.

पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो का, साबणाला फेस कमी येतो का, नळाच्या तोंडाशी खडू साचतो का, एवढं बघितलं तरी अंदाज येतो. आकडा हवा असेल तर कडकपणा मोजायचं किट घ्या किंवा भूजल सर्वेक्षण विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. टीडीएसच्या पेनवर विसंबू नका. तो सगळे क्षार एकत्र मोजतो, थर धरणारे कोणते ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कडकपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गिझरच्या दृष्टीने ३०० च्या पुढे गेलं की त्रास ठरलेलाच.

थर सगळ्याच गिझरला धरतो, पण टाकी नसलेल्याला तो लवकर जाणवतो. गॅस गिझरमधली तांब्याची नळी बारीक असते. आत मिलिमीटरभर थर बसला तरी पाणी कमी होतं, कमी पाण्यावर आग तितकीच लागते, पाणी नळीतच उकळायला लागतं आणि गिझर आतून घुमल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आला की साफ करायची वेळ झाली. बोअरचं पाणी ५००-६०० कडकपणाचं असेल तर आमचा सल्ला असा की टाकी नसलेल्या गिझरच्या फंदात पडू नका. १५ लिटरचा साठवणीचा गिझर घ्या, थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा, वर्षातून एकदा उघडून कॉइल खरवडून घ्या.

वीज घ्यायची तर

३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, मीटरबोर्डापासून वेगळी आणलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी लागतो. ४.५ किलोवॅटचा साडेएकोणीस अँपिअर ओढतो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचाच नाही. त्याला ४ चौरस मिलिमीटरची वायर, २५ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी आणि थेट जोडणी हवी. प्लग काळा पडणं, सॉकेट वितळणं, जळका वास येणं या सगळ्याचं मूळ बहुतेक इथेच असतं. जुन्या पेठांमधल्या घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग अजून सापडते. तिथे गिझरची किंमत बघण्याआधी नव्या लाइनचा खर्च विचारा.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो १ किलोवॅट असेल आणि तुम्ही ३ चा गिझर लावणार असाल तर भार वाढवून घ्या. बिलाचाही विचार करा. हिवाळ्यात एका बादलीला साधारण ०.६ युनिट लागतं. चार माणसांचे महिन्याला ७० युनिटांच्या वर जातात, आणि घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा चांगलाच महाग आहे. गिझरचे युनिट नेमके त्या टप्प्यात जाऊन पडतात.

वस्तीवरच्या, गावाच्या टोकाच्या घरांनी सकाळचं व्होल्टेज आवर्जून मोजावं. व्होल्टेज उतरलं की गिझरची ताकद त्याच्या वर्गाने उतरते. १९० व्होल्टवर ३ किलोवॅटचा गिझर २ किलोवॅटचाच राहतो आणि ११ मिनिटांची बादली १६ मिनिटांवर जाते. ऊसपट्ट्यात पहाटे मोटारी चालू असल्या की हे हमखास होतं. गिझर बदलून हे सुटत नाही.

अर्थिंगबद्दल तडजोड नको. वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग मरतं. त्यात पाणी ओतत राहा. जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, लावाच. इन्व्हर्टरच्या लाइनवर गिझर कधीही घ्यायचा नाही.

गॅस घ्यायचा तर, आधी जागा

गॅस गिझर न्हाणीच्या आत लावायचा नाही. हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून त्यामागचा हिशेबही देतो. ६ लिटरचा गिझर पूर्ण आगीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला १२ घनमीटर हवा लागते. ५ × ७ फुटांच्या, ९ फूट उंच न्हाणीत हवा असते ९ घनमीटरच्या आत. दार-खिडकी बंद करून पंधरा मिनिटं गिझर चालला की खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा आगीनेच खाल्लेला असतो. त्याच्या कितीतरी आधीपासून आग अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि माणूस कडी काढायच्या आत खाली बसतो. गॅस गळतीचा वास येतो तो वेगळा. तो मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूच्या बाबतीत नाक काहीच सांगत नाही. एक्झॉस्ट फॅन लावला की भागतं, असं समजू नका. बंद खोलीत फॅन हवा बाहेर ओढतो, पण आत यायला वाट नसेल तर त्याचा उपयोग नाही.

तेव्हा जागा हवी उघड्या गॅलरीत, मागच्या पडवीत किंवा परसात, न्हाणीच्या आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून बाजूला. काचा लावून बंद केलेली गॅलरी ही खोलीच. अशी जागा नसेल, म्हणजे बंद डक्टचा फ्लॅट असेल, तर गॅसचा विषय तिथेच सोडून द्या.

साताऱ्याकडे आणखी एक अडचण वाऱ्याची. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा उघड्या गॅलरीत इतका घुसतो की बर्नर विझतो. वाऱ्याच्या अंगाला पत्र्याचा आडोसा करा, पण वर-खाली वीतभर मोकळं सोडा. पेटीसारखं चारी बाजूंनी झाकू नका. सांगलीत गावभाग आणि नदीकाठच्या भागांत तळमजल्याला पुराचा विचार करूनच जागा ठरवा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. रिकामा सिलिंडर पुरात तरंगतो, त्याला साखळी लावा. पाण्यात बुडालेला गिझर, मग तो विजेचा असो की गॅसचा, मेकॅनिकने उघडून बघेपर्यंत चालू करायचा नाही.

बर्नरची काच डोळ्यांच्या उंचीला येईल असा गिझर टांगा. सिलिंडर जमिनीवर उभा, खड्ड्यात किंवा पायरीखाली नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागी साचतो. नळी सुरक्षा मार्कची नारिंगी, दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदलायची. तारीख तिच्यावरच छापलेली असते. भिंतीतून रबरी नळी न्यायची नाही. भिंत ओलांडायचीच असेल तर तांब्याचा पाइप टाका. शेगडी आणि गिझर एकाच रेग्युलेटरवर ‘टी’ घालून जोडले की दोन्ही अर्धपोटी जळतात, त्यामुळे गिझरला दुसरा सिलिंडर ठेवा. कडाक्याच्या थंडीत संपत आलेल्या सिलिंडरमधून तासाला किलोभर गॅस निघत नाही, ज्योत बसते; तो गिझरचा दोष नाही.

खर्च: हिवाळ्यात एका बादलीला साधारण ५५ ग्रॅम गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या निघतात, म्हणजे रोज चार बादल्या असतील तर दोन महिने. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला २५० ने भागा आणि तुमच्या युनिटच्या दराला ०.६ ने गुणा. दोन आकडे शेजारी मांडले की कुणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही.

मग कोणता

उघडी जागा, मऊ पाणी, बरा दाब, चार-पाच माणसं: ६ लिटरचा गॅस गिझर. ८-१० लिटरच्या मागे लागू नका, त्यांना लागणारा दाब गच्चीवरच्या टाकीतून मिळत नाही.

एक-दोन माणसं, बादलीची अंघोळ, घाई नाही, किंवा फक्त बेसिन-सिंकला कोमट पाणी हवं: ३ लिटर, ३ किलोवॅट. बंद फ्लॅट आणि मोठं कुटुंब असेल तर साठवणीचाच घ्या. हा लेख टाकी नसलेल्या गिझरचा असला तरी खरं ते सांगायला हवं. गच्चीवर पाणी तापवायचं सोलर असेल आणि पावसाळ्यापुरता आधार हवा असेल तर गिझर सोलरच्या ओळीत पुढे जोडू नका. आधीच ५० अंशांचं आलेलं पाणी साधा गॅस गिझर उकळून काढतो. दोन्हींची लाइन वेगळी ठेवून कॉकने बदलायची सोय करा.

खोक्यावर आयएसआय खूण बघा: विजेच्या इन्स्टंटला आयएस ८९७८, गॅसच्या घरगुती गिझरला आयएस १५५५८. इन्स्टंटवर स्टार शोधत बसू नका, ते लेबल साठवणीच्या गिझरसाठी असतं. प्रेशर पंप असेल तर विजेच्या गिझरचं आतलं भांडं ८ बार दाब सोसणारं मागा. ३ लिटरच्या प्लास्टिक बॉडीच्या गिझरमध्ये ते साधारण ६.५ बारचं असतं. गॅसमध्ये ज्योत विझली की गॅस तोडणारी सोय, जास्त तापल्यावर बंद होणं आणि २० मिनिटांचा टायमर हे तिन्ही हवेतच. रबरी पडदा, मायक्रोस्विच, इग्निटर हे सुटे भाग कराड, सातारा, सांगली-मिरजेत मिळतात का ते विकणाऱ्याला आधीच विचारा. पाइप गॅसचं कनेक्शन असेल किंवा येणार असेल तर एलपीजीचा गिझर त्याला तसाच जोडता येत नाही, जेट वेगळे असतात.

बसवताना आणि नंतर

निळी खूण थंड पाणी आत, लाल खूण गरम बाहेर. थंड बाजूला अँगल कॉक आणि जाळी. गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची), पण गॅस गिझरला चिकटून पहिला फूटभर धातूचा लवचिक पाइप. विजेचा गिझर पहिल्यांदा सुरू करताना आधी पाणी: गरम नळ उघडा, फुसफुस थांबून सलग धार लागू द्या, मगच बटण. रिकाम्या गिझरची कॉइल अर्ध्या मिनिटात जाते. गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा, काडी लावून नाही.

गॅस गिझर वापरायची रीत वेगळी आहे. मिक्सरमध्ये गार पाणी मिसळून कोमट करायला गेलात तर गरम बाजूचं पाणी कमी होतं आणि गिझर विझतो. गरम नळ पूर्ण उघडा आणि ज्योतीच्या बटणाने तापमान लावा. उन्हाळ्यात ज्योत सगळ्यात बारीक.

बिघाड ओळखायला फार अवघड नाहीत. पाणी येतं पण ठिणगीची टकटक ऐकू येत नाही: आधी दोन मोठे सेल बदला, मग जाळी धुवा, मग रबरी पडदा फाटला का बघा. टकटक होते पण पेटत नाही: सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळीत अडकलेली हवा. उशिरा भक्कन पेटतो: सेल उतरलेत किंवा बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं आहे, हे आज-उद्यावर ढकलू नका. ज्योत निळीच हवी. पिवळी पडून वर काजळी धरू लागली तर गिझर बंद करा आणि बर्नर साफ करून घ्या.

थर काढायला गॅस बंद करा, सेल काढा, गिझर उतरवून फरशीवर ठेवा. पाच लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि कूलरच्या छोट्या पंपाने ते गिझरमधून तासभर फिरवा. नंतर दहा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. फरशी धुवायचं ॲसिड घालायचं नाही, ते थरासोबत तांबंही खातं. जड पाण्याला हे दर सहा महिन्यांनी, मऊ पाण्याला दोन-तीन वर्षांनी. सेल मात्र दरवर्षी दिवाळीच्या आधीच बदलून टाका. ते नेमके पहिल्या थंडीत दगा देतात.